सुईआधीचा थांबा

दीना शिरसाट सिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा हात अजून रोज सकाळी कामाला लागतो. इस्लामपूरला, लातूरला, पार गोंदियालाही. कुठल्यातरी लॅबमध्ये उपाशीपोटी आलेलं कुणीतरी खुर्चीत बसून दंड उघडा करतं आणि विशीतली एखादी मुलगी सिस्टरांच्या हाताने त्याची शीर शोधते. त्या मुलीने सिस्टरांना कधी पाहिलेलं नसतं. त्यांचं नावही तिला माहीत नसतं. मला मात्र ते शनिवार आठवतात, जेव्हा हा हात एकाच बाईचा होता आणि तो शिकायचा तर तिच्या शेजारी स्टूल ओढून बसावं लागायचं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे निवृत्त सिस्टरांनाही नाही. आमच्या रुग्णसेवा प्रशिक्षण केंद्रात दर शनिवारी त्यांच्यापैकी काहीजणी यायच्या. पगार नाही, मानधन नाही. दुपारी उप्पीट आणि चहा. प्रत्येकीला एक मुलगी नेमून दिलेली असायची. मी तेव्हा सांगलीला एमएस्सी फिजिक्स करत होते आणि त्याच व्हरांड्यात मुलींना मिलिलिटर-मायक्रोलिटरची गणितं शिकवायला जायचे. गणितं संपली तरी माझा पाय निघायचा नाही. मुली एकमेकींच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शिरा चाचपायच्या. "हिची शीर लाजाळू आहे, पाहुणे बघून आत पळते," म्हणून हसायच्या. दीना सिस्टर मधूनच कुणाच्यातरी मनगटावर टिचकी मारायच्या. "डोळ्यांनी काय शोधतीस? बोटानं बघ." उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात बारीक साखळीत क्रॉस. त्यांच्या हातून सुई टोचून घेतलेली माणसं विचारायची, "झालं? कधी झालं?"

मग अनुकर आला.

पुण्याच्या एका कंपनीने तयार केलेला हा कोपरापासून बोटांपर्यंतचा पातळ मोजा. तत्त्व अवघड नाही. आपण बोट हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा हुकूम विजेच्या बारीक स्पंदनांच्या रूपात स्नायूपर्यंत पोचतो. ही स्पंदनं कातडीवरूनही टिपता येतात. हृदयाचा आलेख काढतात तसंच. मोज्याच्या आतल्या बाजूला असे टिपणारे बिंदू दाटीने बसवलेले होते. कसबी माणसाने तो घालून काम करायचं, मोजा ते टिपणार. अडचण पुढे होती. कुठल्याही दोन माणसांचे हात आतून सारखे नसतात. स्नायू थोडे इकडेतिकडे असतात, कुणाचा अंगठा लांब, कुणाचं मनगट ताठ. एका हाताची स्पंदनं दुसऱ्या हाताला कळतील अशी बदलून देणारी गणिती पद्धत सापडली, आणि तोच खरा शोध. मग शिकणाऱ्या मुलीच्या हातात मोजा घालायचा, सौम्य विद्युतप्रवाहाने तिचे स्नायू त्याच क्रमाने आकसायचे. हात आपोआप चालतो. तिने मनात आणलं तर तो थांबवू शकते, प्रवाह तेवढा क्षीण असतो. पण तिने लक्ष देऊन तो चालू दिला, तर काही आठवड्यांत तिचा लहान मेंदू ती हालचाल आपलीच समजून साठवून ठेवतो. मोजा काढला तरी हात विसरत नाही.

केंद्राने सिस्टरांचा हात टिपून घेतला. दोन्ही हात, खरं तर. उजवा सुईचा आणि डावा पेशंटचा दंड धरणारा. तीच नोंद कंपनीने राज्यातल्या इतर केंद्रांनाही दिली. वर्षाचं शिक्षण दोन महिन्यांत होऊ लागलं. निवृत्त सिस्टरांना एक छानसा समारंभ करून शाल-श्रीफळ दिलं आणि शनिवार बंद झाले. कुणालाच फार वाईट वाटलं नाही. मलाही नाही. मी तर शिक्षण संपताच त्याच कंपनीत लागले आणि केंद्रातल्या यंत्रांची देखभाल करायला मिरजेला परत आले.

माझं पहिलं काम म्हणजे चौगुले साहेबांचा फोन. कुलभूषण चौगुले एका लॅबच्या साखळीत भरतीचं बघायचे. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक वाक्य टेबलावर शिक्का मारल्यासारखं पडायचं.

"मॅडम, तुमच्या मुली शीर बरोबर पकडतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण टोचायच्या आधी थांबतात."

"स्पिरिट वाळेपर्यंत थांबायचंच असतं, साहेब."

"ते मला कळतं हो. स्पिरिट वाळतं, आणि त्याच्या पुढं थांबतात. सुई हातात धरून. काही बोलत नाहीत. वर डाव्या अंगठ्यानं पेशंटचा हात कुरवाळतात. परवा एक गृहस्थ उठून निघून गेले."

"किती वेळ थांबतात?"

"माणूस घाबरेल इतका."

उमेदवारीवर घेतलेल्या मुली त्यांनी परत पाठवल्या होत्या. महिनाअखेरीस पुन्हा चाचणी घेणार, तेव्हा हे दिसलं तर या केंद्रातून कुणालाच घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. चाचणीला एकच मुलगी बसवा म्हणाले, जी सगळ्यात जास्त थांबते ती.

ती म्हणजे ईश्वरी हाक्के. जत तालुक्यातली, धनगरवाडीवरून आलेली. मान खाली, उत्तरं एका शब्दाची. सिस्टरांच्या वाट्याला आलेली शेवटची मुलगी. दोन शनिवार झाले असतील-नसतील तोच मोजा आला.

"परत गेलीस तर काय करशील?" मी तिला विचारलं.

"बेदाण्याच्या शेडवर. काड्या वेचायच्या." मग मान खालीच ठेवून, "आई तिथंच हाय. ती म्हणती, तू आलीस तर आपण दोघी एका चाळणीवर बसू."

हे तिने अगदी सरळ सांगितलं.

मी सिस्टरांच्या मूळ नोंदी उघडल्या. थांबा तिथे स्पष्ट दिसत होता. पडद्यावरची रेघ पट्टा, शीर, कापूस असा डोंगरदऱ्यांतून प्रवास करते आणि मग सपाट होते. अगदी शून्य नाही, सुई स्थिर धरून ठेवण्याइतकी मंद थरथर. डाव्या हाताच्या अंगठ्याची तेवढी संथ लाट. मग टोचणं. मला ही वयाची दमणूक वाटली. कापून टाकणं एका दुपारचं काम होतं, आणि मी ते केलंही. नवी नोंद तयार झाली, सुबक, सलग.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. दमणूक असती तर थांबा सकाळी लहान आणि संध्याकाळी मोठा असता. तसं नव्हतं. लांबी कशीही बदलत होती. एकदा क्षणभर, पुढच्याच वेळी चांगला ऐसपैस, मग पुन्हा मध्यम. नोंद घेताना समोर मात्र प्रत्येक वेळी तोच सरावाचा रबरी हात. एकाच वस्तूसमोर एकच माणूस इतक्या वेगवेगळ्या वेळा का थांबेल?

मी सिस्टरांना बोलावलं. त्या आल्या, मोजे घातले, रबरी हातासमोर बसल्या. पट्टा, शीर, कापूस. आणि थांबल्या. मी या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते.

"काय म्हणालात, सिस्टर?"

"कुठं काय म्हणाले?"

"ओठ हलले तुमचे."

त्यांनी सुई खाली ठेवली. स्वतःलाच आठवून बघितल्यासारखं केलं.

"गाव विचारलं."

"कुणाला?"

"ह्याला." त्यांनी रबरी हाताकडे बोट केलं, आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अगं, नोंद घेताना त्या पुण्याच्या पोरानं सांगितलं होतं, सिस्टर, बोलू नका, जबडा हलला की सिग्नल बिघडतो. मग मी मनातल्या मनात बोलायचे. गप्प राहून सुई टोचायला मला कधी जमलंच नाही."

"प्रत्येक वेळी वेगळं?"

"माणूस वेगळा म्हटल्यावर वेगळं नको?"

"सिस्टर, तो एकच रबरी हात होता."

"असू दे की. मी त्याला कधी म्हातारा समजायचे, कधी बाळंतीण. कधी एखादा पैलवान. पैलवान लोक सगळ्यात जास्त घाबरतात, त्यांना जरा लांबलचक काहीतरी विचारावं लागतं."

मी खुर्चीत मागे टेकले. मोज्याने सगळं टिपलं होतं. पट्टा कसा बांधायचा, सुई किती तिरकी धरायची, आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायची ती वेळसुद्धा. फक्त प्रश्न टिपला नव्हता. शेकडो मुलींचे हात एका न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत होते आणि त्या मुलींना स्वतःलाही कळत नव्हतं, आपण कशासाठी थांबलोय.

मी ईश्वरीला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. थांबा कापलेली नवी नोंद वापरून हात पुन्हा वळवता येईल, महिनाभरात बहुतेक होईल. नाहीतर थांबा आहे तसा ठेवायचा आणि त्यात बोलायचं.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे खात्री नाही. पण बोलण्यापेक्षा सोपं जाईल तुला."

तिने कापलेली नोंद घालून पाहिली. हात झपझप चालला. चौथ्या-पाचव्या वेळी तिने मोजा काढला आणि टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"हात म्होरं जातोय, मी मागंच ऱ्हातीय." "ताई, मोजा आला तवा मला लई बरं वाटलं हुतं. बोलाय लागत न्हाई म्हणून. मी तोंड उघडलं की पोरी हसायच्या. पर हे कापू नका. सिस्टरनी काय म्हणायचं ते सांगावं, मी पाठ करते."

सिस्टरांनी वाक्य द्यायला साफ नकार दिला.

"वाक्य नसतं, बाळा. शनिवारी ये."

अशा रीतीने शनिवार पुन्हा सुरू झाले. या वेळी फक्त तीन माणसांचे. केंद्राच्या दारात आम्ही मोफत साखर तपासणीचा बोर्ड लावला होता, त्यामुळे व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून रांग असायची. सिस्टरांनी ईश्वरीला सुईला हातच लावू दिला नाही. "नुसतं शेजारी बसायचं. सुई माझी, बोलणं तुझं."

पहिला शनिवार फुकट गेला. ईश्वरीने सगळ्यांना एकच विचारलं, "जेवलासा का?"

एक रिटायर्ड मास्तर भडकले. "उपाशीपोटी या म्हणून तुम्हीच बोलावता आणि वर जेवलात का विचारता? चेष्टा चालवलीय का?"

ती आत जाऊन बसली ती बाहेर येईना. सिस्टर तिच्यामागे गेल्या. मी दाराशी होते.

"मला न्हाई जमत."

"काय बघितलंस त्या मास्तरांचं?"

"कुठं काय बघितलं."

"तेच म्हणते मी. तू तुझ्या जिभेकडं बघत होतीस. त्यांच्या खिशात दोन चष्मे होते, एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली. तेवढं बघितलं असतंस तर विचारायचं आपोआप सुचलं असतं. तुझी भाषा राहू दे तशीच. आजारी माणूस व्याकरण तपासत नाही."

"तुमाला पैल्यांदा सुचलं हुतं?"

सिस्टर हसल्या. "पहिल्यांदा मी एका माणसाला विचारलं, घरी कोण कोण असतं? तो रडायलाच लागला. त्या दिवशी मी त्याचं रक्तच काढलं नाही."

पुढच्या शनिवारी ईश्वरीने तोंड उघडलं ते समोरच्या माणसाकडे बघून, अंदाजाने. मग त्याच्या पुढच्या शनिवारी एका भाजीवालीशी ती मेथीच्या जुडीच्या भावावरून वादच घालत बसली आणि सिस्टरांनी मधल्या मधे काम उरकलं. मी त्या सकाळचे आकडे मोजायला हवे होते. माझ्याकडे लोकांच्या दंडाचा ताण मोजणारी पट्टी होती. नुसत्या थांब्यात ताण चढतो आणि बोलण्यात उतरतो, याचे आलेख मी नंतर रीतसर काढले. पण त्या भाजीवालीच्या वेळी पट्टी लावायची राहूनच गेली. मी वाद ऐकत होते.

महिनाअखेरीस चौगुले साहेब आले. सोबत मोबाइलवरचं घड्याळ. अट साधी होती: मोजा न घालता ओळीने माणसांचं रक्त काढायचं, दर माणसामागची सरासरी ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे, आणि कुणीही तक्रार करता कामा नये. त्यासाठी पहिल्यांदा आपलाच दंड ते पुढे करून बसले.

ईश्वरीने पट्टा बांधला. शीर पाहिली. कापूस फिरवला. आणि हात थांबला. साहेबांनी घड्याळाकडे नजर टाकली. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली.

"सायेब, तुमच्याकडं पाणी किती दिवसाला येतंय?"

"काय?"

"नळाला. ऱ्हायला कुठं हायसा?"

"विश्रामबागला." आणि मग साहेबांचा बांध फुटला. "चार-चार दिवस येत नाही हो. आणि येतं ते असं, की वरच्या मजल्यावर चढतच नाही. मी अर्ज केलाय, फोन केलेत. ते म्हणतात व्हॉल्व्हमनला विचारा. व्हॉल्व्हमन म्हणतो, वरून कमी सोडलंय. म्हणजे आम्ही विचारायचं कुणाला? आणि बिल मात्र..."

"दाबून धरा. चोळू नका."

त्यांनी खाली पाहिलं. दंडावर कापसाचा बोळा होता आणि नळी भरून बाजूला ठेवलेली होती. पाण्याचं गाऱ्हाणं पुरं करायचं राहिलं म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर थोडी रुखरुख दिसत होती.

मग बाकीची माणसं झाली. एका रिक्षावाल्याला तिने मीटरचं विचारलं, एका बाईला तिच्या हिरव्या बांगड्यांचं. एकाला काही विचारलंच नाही, कारण तो स्वतःच अखंड बोलत होता. घड्याळ मर्यादेच्या आत होतं, फार नाही, पण आत.

शेवटची खुर्ची रिकामी राहिली. ज्यांनी यायचं कबूल केलं होतं ते आलेच नाहीत.

"एक कमी पडतंय," साहेब म्हणाले.

"मी बसते," म्हणत दीना सिस्टर उठल्या आणि पदर सावरून खुर्चीत जाऊन बसल्या.

माझ्या लक्षात आलं की हे आजवर कधी झालंच नव्हतं. सिस्टरांचा हात शेकडो लोकांना लागला होता, फक्त सिस्टरांना नाही. ईश्वरीने त्यांचा दंड धरला. पट्टा अगदी त्यांच्यासारखाच बांधला, टोक आत खोचून. बोटाने शीर पाहिली. सिस्टर स्वतःची बोटं बघावीत तशा तिच्या बोटांकडे बघत होत्या. कापूस फिरला. हात थांबला.

आणि थांबलाच. मोज्याच्या सगळ्या नोंदी मला तोंडपाठ होत्या. इतका लांब थांबा त्यांच्यात एकही नव्हता. हा सिस्टरांच्या हाताचा नव्हता, ईश्वरीचा होता. साहेबांच्या हातात घड्याळ पळत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, काहीही विचार, गाव विचार, पाणी विचार. ती सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती, चपलांमध्ये आवळून घेतलेल्या त्यांच्या पायाच्या बोटांकडे.

"सिस्टर," तिने हळूच विचारलं, "तुमाला सुईचं भ्या वाटतंय व्हय?"

सिस्टरांनी मान वर केली. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. कारण विचारणाऱ्या नेहमी त्याच.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून."

"मग तिकडं बघा. खिडकीत."

सिस्टर लहान मुलीसारख्या खिडकीकडे वळल्या. ईश्वरीच्या डाव्या अंगठ्याने त्यांचं मनगट हलकेच दाबलं आणि तिने सुई आत नेली.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. त्याकडे पाहून ते माझ्याकडे वळले. "याला जास्त वेळ लागला. पण मॅडम, सिस्टर तर केंद्राच्याच आहेत ना? स्टाफला सरासरीत धरत नाही आम्ही."

"धरा," खिडकीकडेच बघत सिस्टर म्हणाल्या. "मी पेशंट आहे. मला धरा."

साहेबांनी धरलं. सरासरी काढली, पुन्हा एकदा काढली, आणि "एक तारखेपासून येऊ दे हिला" म्हणाले. थांबा कापलेली नोंद मी त्याच दुपारी पुसून टाकली. ईश्वरीला साहेबांचं बोलणं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती नळीवर सिस्टरांचं नाव लिहीत होती. मग तिने कापसाचा बोळा त्यांच्या दंडावर ठेवला आणि त्यांचंच बोट उचलून त्यावर टेकवलं.

"दाबून धरा, सिस्टर. चोळू नका."

सिस्टरांनी निमूटपणे दाबून धरलं.